यांना पाण्यात उतरवायचं कोणी?

बालगृहातल्या मुलांना पाण्याजवळ नेऊ नये, असं बाल न्याय कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. उलट 2015च्या त्या अधिनियमात पुनर्वसनाच्या सेवांची जी यादी आहे, तिच्यात करमणूक आणि खेळ स्वच्छ शब्दांत घातलेले आहेत. 2016च्या आदर्श नियमांत तर मुलांना सहलींना न्यावं हेही आहे. म्हणजे कायदा करणाऱ्याला अक्कल होती. अंमलबजावणी करणाऱ्याने ती कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे. खाडीपासून हाकेच्या अंतरावर वाढलेलं, रात्री भरतीचा आवाज ऐकत झोपलेलं पोर अठरा वर्षांचं होऊन संस्थेबाहेर पडतं, आणि त्याने गुडघाभर पाण्यातही कधी पाय घातलेला नसतो. अशी मुलं मी पाहिली आहेत.

मी खाडीत मुलांना शिडाची होडी शिकवतो. पोटासाठी नाही, हौसेने. शिकायला येतात ती बहुतेक डॉक्टरांची, बिल्डरांची, मुंबईहून सुट्टीला आलेल्यांची मुलं. होड्या आठवड्यातले चार दिवस उपड्या पडून असतात. तेव्हा त्या बालगृहातल्या मुलांना द्याव्यात, फुकट द्याव्यात, असा साधा विचार घेऊन मी एका संस्थेत गेलो. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या संस्थेत गेलो असतो तरी हेच ऐकलं असतं. अधीक्षकांच्या टेबलावर काच, काचेखाली फोन नंबरांचे कागद, भिंतीवर ओळीने महापुरुष, आणि कोपऱ्यात केकच्या रिकाम्या खोक्यांची चळत. साहेबांनी चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कल्पना उत्तम आहे, सर. पण उद्या काही झालं तर?” मग लाईफ जॅकेट, सोबतची सुरक्षा होडी, कमरेइतक्या पाण्यातले पहिले धडे, हे सगळं मी समजावलं. ते मान डोलवत राहिले. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. “तुम्ही असं करा ना, मुलांना होडीचा एखादा व्हिडिओ दाखवा. प्रोजेक्टर आहे आपल्याकडे.” निघताना दारापर्यंत सोडायला आले आणि आस्थेने विचारलं, “तुमचा वाढदिवस कधी असतो?”

हा प्रश्न चेष्टेचा नव्हता. बालगृहाच्या दारात येणारा सुस्थितीतला माणूस एकाच कामासाठी येतो, असा त्यांचा अनुभव आहे. स्वतःचा, बायकोचा, नातवाचा वाढदिवस, नाहीतर वडिलांचं वर्षश्राद्ध. केक येतो, समोसे येतात, मुलं ओळीत बसून टाळ्या वाजवतात, न पाहिलेल्या माणसाला दीर्घायुष्य चिंततात. पाहुणा डोळे पुसत गाडीत बसतो. आपल्या मध्यमवर्गाची अनाथ मुलांशी असलेली ओळख एवढीच, आणि ती टिकवायला संस्थाचालकांची हरकत नाही. केकने कोणी बुडत नाही.

आता ‘उद्या काही झालं तर’ याचा विचार करू, कारण तो प्रश्न अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. 13 जानेवारी 2018 रोजी डहाणूजवळ विद्यार्थ्यांनी भरलेली बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतली बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. या बातम्या मीही वाचल्या आहेत आणि माझीही झोप उडाली आहे. पण या बातम्या शेवटपर्यंत वाचायच्या असतात. पाण्याची ओळख नसलेली मुलं खोल पाण्यात गेली, बोटीत पेलवेल त्यापेक्षा जास्त माणसं कोंबली गेली, लाईफ जॅकेट नव्हती किंवा बहुतेकांच्या अंगात नव्हती. शिकवलं म्हणून एकही मूल बुडालं नाही. न शिकवता, एका दिवसाच्या मौजेला, हिशोब न करता पाण्यावर नेलं म्हणून बुडाली. यातून आपल्या खात्यांनी काय धडा घ्यावा? तर नेऊच नका. शिकवून न्या, हा धडा कोणाला सुचला नाही. त्यात मेहनत आहे, आणि ‘नेऊ नका’ लिहायला एक सही पुरते.

देशात 2022 साली बुडून मेलेल्यांचा सरकारी आकडा 38 हजारांच्या वर आहे. यांतले किती जण होडी शिकायला गेले होते? माणसं विहिरीत, शेततळ्यात, नदीच्या डोहात, पावसाळ्यातल्या धबधब्याखाली मरतात. शाळेच्या वयाच्या मुलांना पोहायला आणि पाण्यातून जीव वाचवायला शिकवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. आणि त्यासाठी ऑलिंपिकचा तलाव लागतो अशी समजूत असेल तर बांगलादेशाकडे पाहा. तिथे ‘स्विमसेफ’ नावाच्या कार्यक्रमात गावच्या पोखरीत बांबूची मचाणं बांधून मुलांना पोहायला शिकवलं जातं. आपल्यापेक्षा गरीब देश, आपल्यापेक्षा जास्त पाणी, आणि बांबू. आपल्याकडे बांबूची टंचाई आहे असं ऐकिवात नाही.

बंदी घातल्याने मूल पाण्यापासून वाचतं, ही तर शुद्ध फसवणूक आहे. अठरा वर्षं पुरी झाली की ते संस्थेबाहेर. अनुरक्षणगृहाची सोय एकविसाव्या वर्षापर्यंत कायद्यात आहे, पण तिथेही जागा मोजक्या. त्या पहिल्याच पावसाळ्यात पोरगं कामावरच्या दोस्तांबरोबर धरणावर जाणार. दोस्त सूर मारणार. हा काय सांगणार, की मला अधीक्षकांची परवानगी नाही? तोही मारणार. तेव्हा तो संस्थेच्या पटावर नसतो, म्हणून ‘काही झालं’ तरी चौकशी अधीक्षकांची होत नाही. सारी काळजी चौकशीची होती, मुलाची नव्हती, एवढाच याचा अर्थ.

आता जरा आपल्या घरात डोकावू. तुम्हाला पोहायला कोणी शिकवलं? शाळेने? मराठी माणसाला पोहायला शिकवतो त्याचा काका, मामा, आजोबा, नाहीतर शेजारचा एखादा दांडगट दादा. पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, विहिरीच्या काठावर उभं करायचं, रडलं-भेकलं तरी ढकलायचं आणि मागोमाग स्वतः उडी टाकायची. शहरात असाल तर बापाने नगरपालिकेच्या तलावाचा पास काढलेला असतो आणि सुट्टीत भल्या पहाटे स्कूटरवर बसवून नेलेलं असतं. पाणी आपल्याकडे नात्यातून मिळतं. ज्याला नातं नाही त्याला पाणी नाही. आणि नेमकं हेच नातं कायद्याने सरकारने स्वतःकडे घेतलं आहे. बाल कल्याण समिती हुकूम काढते, मूल संस्थेच्या ताब्यात जातं, आणि त्या क्षणापासून काका-मामांची जागा सरकारची असते. सरकारने जेवण दिलं, कपडे दिले, शाळेत घातलं, ठीक. पण विहिरीत मागोमाग उडी कोणी टाकायची? जेवणावळीचं कंत्राट देता येतं, मामाचं देता येत नाही, ही अडचण मला समजते. तिच्यावर काहीच करायचं नाही, हे समजत नाही.

यावर कोणी म्हणेल, प्रतिपालक कुटुंबं आहेत की. आहेत, कायद्याच्या 44व्या कलमात आहेत. ‘मिशन वात्सल्य’मध्ये त्यासाठी महिन्याला चार हजार रुपयेही आहेत. तुमच्या ओळखीत असं एक तरी घर आहे का, ज्यात परक्याचं मूल या कलमाखाली वाढतं आहे? माझ्या नाही. तोवर आपल्याकडे ‘सांभाळायला घेतलेलं मूल’ म्हणजे बालगृहातलंच मूल.

अमेरिकेत ही कुटुंबं लाखो मुलं सांभाळतात, आणि तिथेही नेमकं हेच दुखणं होतं, हे वाचून मला आसुरी आनंद झाला. मुलाला मित्राच्या घरी रात्री राहायचं आहे, शिबिराला जायचं आहे, संघातून खेळायचं आहे, तर सरकारी कार्यकर्त्याची परवानगी काढा, कधी कोर्टापर्यंत जा. परवानगी येईपर्यंत शिबिर संपलेलं. 2013 साली फ्लोरिडा राज्याने कायदा केला, ज्याला लोक ‘मुलांना मूल राहू द्या’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. पुढच्याच वर्षी संपूर्ण देशासाठी तशी तरतूद झाली. शहाणा, सावध पालक स्वतःच्या मुलाला जे करू देईल, ते करू देण्याचा निर्णय सांभाळणाऱ्याने घ्यावा, आणि असा निर्णय विचाराने घेतला असेल तर काही घडलं म्हणून त्याच्या मानगुटीवर बसू नये. बाकी अमेरिकेचं कौतुक करणारा मी नाही, त्यांच्या त्या व्यवस्थेत मुलांचे घरोघरी फुटबॉल होतात. पण एक गोष्ट त्यांना उमगली: सही करणाऱ्याला संरक्षण दिल्याशिवाय मूल दाराबाहेर पडत नाही. आपल्या अधीक्षकाला हे संरक्षण कोणी दिलं आहे? नाही म्हटल्याबद्दल आजवर एकाही अधीक्षकाला नोटीस गेल्याचं मी ऐकलेलं नाही. हो म्हणून मुलाचा गुडघा जरी फुटला, तरी खुलासा मागवला जाईल. मग माणूस ‘व्हिडिओ दाखवा’ म्हणणारच. त्याच्या जागी तुम्ही असाल तर तुम्हीही म्हणाल.

तरी सगळे तसे नसतात. एका बालगृहाच्या अधीक्षक बाईंनी माझं म्हणणं ऐकलं, समितीला पत्र लिहिलं, दोन काळजीवाहक मावशींना बरोबर घेतलं आणि मुलं घेऊन खाडीवर आल्या. मुलं उंचीप्रमाणे ओळीत उभी. मोजणी झाली. लाईफ जॅकेट वाटली तेव्हा अकराएक वर्षांच्या एका मुलाने विचारलं, “सर, सही कुठे करायची?” साबण मिळाला सही, वही मिळाली सही, म्हणून लाईफ जॅकेट मिळालं सही. आधी कमरेइतक्या पाण्यात तरंगणं, बुडी मारणं, उलटलेल्या होडीला धरून राहणं, हे सगळं उरकून काही आठवड्यांनी त्याला होडीत एकट्याला बसवलं.

या होडीचं नाव ऑप्टिमिस्ट. सात फूट नऊ इंच लांब, पुढून चौकोनी, एकाच शिडाची, एका मुलापुरती. आज ती श्रीमंत यॉट क्लबांच्या धक्क्यांवर रांगेने दिसते, म्हणून तिचा इतिहास सांगतो. 1947 साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स नावाच्या होडीबांधणी करणाऱ्याने ती काढली, कारण गावातल्या सामान्य मुलांना परवडेल अशी होडी हवी होती. प्लायवूडच्या दोन तक्त्यांत बसावी, बापाला गॅरेजमध्ये बांधता यावी, एवढीच अट. म्हणजे गरिबाच्या पोरासाठी जन्मलेली होडी क्लबवाल्यांनी पळवली. त्यात नवल नाही, क्लबवाल्यांचा तो धर्मच आहे.

तर हा मुलगा होडीत बसला. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. वारा आला, होडी कलली. मी सुरक्षा होडीतून ओरडलो, “दोरी सोड!” ऑप्टिमिस्टमध्ये घाबरलात तर करायची पहिली गोष्ट हीच. दोरी सोडली की शीड वाऱ्यात फडफडतं, जोर जातो आणि होडी सरळ होऊन थांबते. तो सोडेना. मुठीची बोटं पांढरी पडली, होडीत पाणी यायला लागलं, तरी सोडेना. मी जवळ जाऊन हाताने सोडवली तेव्हा म्हणाला, “हरवली असती तर भरून द्यावी लागली असती ना?” वस्तू संस्थेची, हरवली तर शिक्षा, हे त्याच्या हाडात इतकं मुरलं होतं की बुडणं परवडलं. दोरी होडीला बांधलेली आहे, ती हरवतच नाही, हे मी त्याला दाखवलं. मग त्या दुपारी त्याने दुसरं काही केलं नाही. ओढली, होडी निघाली. सोडली, होडी थांबली. बाकीची मुलं पलीकडच्या खांबापर्यंत शर्यती लावत होती, हा जागच्या जागी ओढतोय, सोडतोय. कुठे राहायचं, कोणत्या शाळेत जायचं, भावाला कधी भेटायचं, हे सगळं ज्याच्याबाबत समित्या ठरवतात, त्याच्या हातात पहिल्यांदा चालवायची आणि थांबवायची दोरी आली होती. मी त्याला शर्यतीला ढकललं नाही.

याला लगेच ‘थेरपी’ म्हणायची घाई करू नका. हल्ली कशालाही थेरपी म्हणतात, मातीला, कुत्र्याला, रंगाला, आता पाण्यालाही. एका लाटेने आईबाप गेल्याचं दुःख धुऊन निघत नाही, आणि निघतं असं छापणाऱ्या पत्रकांचा मला तिटकारा आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळच्या वस्त्यांत ‘वेव्ह्ज फॉर चेंज’ ही संस्था मुलांना सर्फिंग शिकवते. तिचं यश लाटेपेक्षा प्रशिक्षकात आहे. तो त्याच वस्तीतला असतो, त्याला मुलांशी वागायचं शिक्षण दिलेलं असतं आणि तो आठवड्यामागून आठवडा तोच असतो. पुन्हा येणारं माणूस, हेच तर या मुलांना मिळत नाही.

म्हणूनच वाढदिवसवाल्यांपेक्षा माझा राग कंपनीच्या पिकनिकवाल्यांवर जास्त आहे. वर्षातून एकदा बस येते. मुलांना कंपनीचं नाव छापलेले पिवळे टीशर्ट. तलावावर मोटरबोटीतून एक फेरी, केळ्याच्या आकाराच्या फुगवलेल्या तराफ्यावरून दोन धक्के, बिर्याणी, ड्रोनने फोटो. संध्याकाळी ते फोटो, मुलांचे चेहरे स्पष्ट दिसतील असे, जगभर. बाल न्याय कायद्याच्या 74व्या कलमाखाली अशा मुलांची ओळख पटेल असं छायाचित्र छापायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. होडीची परवानगी मागायला गेलेल्या माणसासमोर जबाबदारीचा पाढा वाचणारं खातं या फोटोंखाली हात जोडल्याचे इमोजी टाकतं. आणि डहाणूला, हरणीला जी मुलं गेली ती अशाच एका दिवसाच्या सहलीत गेली, हे कोणाच्याच डोक्यात येत नाही. जे खरोखर धोक्याचं आहे त्याला ताबडतोब परवानगी, आणि शिकवण्याला नकार.

पैसा नाही, हे तर सांगूच नका. 2013च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यावे लागतात. ते कशावर खर्चता येतात याची यादी सातव्या परिशिष्टात आहे. तिच्यात अनाथांची वसतिगृहं आहेत आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षणही आहे. शिडाच्या होड्या, वल्हवणं, कयाकिंग, पोहणं हे चारही ऑलिंपिकचे खेळ. एका दिवसाच्या बस-बिर्याणी-ड्रोनच्या खर्चात मुलांच्या एका तुकडीला वर्षभर तलावाची फी भरता येते. पण वर्षभराच्या फीचा ड्रोनने फोटो निघत नाही.

जागा नाही, हेही नको. पालिकांचे तलाव दुपारच्या वेळी किती भरलेले असतात, जाऊन पाहा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची जलक्रीडा शिकवणारी संस्था उभी आहे. एनसीसीचा नौदल विभाग आहे, त्याच्याकडे होड्या आहेत, शिकवणारे आहेत. हैदराबादेत हुसेनसागरावर सुहेम शेख यांच्या यॉट क्लबने वंचित वस्त्यांतली, निराधारांच्या वसतिगृहांतली मुलं होडीत बसवली आणि त्यांनी राष्ट्रीय स्पर्धांत पदकं आणली. त्यांच्याकडे एक तलाव. आपल्याकडे शेकडो किलोमीटरचा किनारा, खाड्या, कोयना, उजनी, मुळशी.

आणि पाणी रक्तात लागतं वगैरे भंपकपणाही नको. दत्तू भोकनळ हा चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, दुष्काळी मुलखातला. लष्करात भरती झाला, पुण्यात वल्हं हातात आलं, आणि सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. 2016ला तो रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला, 2018ला जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकलं. त्याला पाण्यापाशी नेणारी एक सरकारी व्यवस्थाच होती. लष्कराला जमतं ते महिला व बालविकास खात्याला का जमू नये, याचं उत्तर मंत्रालयाने द्यावं. प्रत्येक मुलाने पदक आणावं असं माझं म्हणणं नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर 2008 पासून पगारी जीवरक्षक उभे आहेत. अठराव्या वर्षी रस्त्यावर येणाऱ्या मुलाला चांगलं पोहता येत असेल तर निदान असल्या एका नोकरीचा दरवाजा त्याला ठोठावता येतो. अनाथांना सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण देणारं आपलं राज्य, त्याने एवढा पुढचा विचार करायला हरकत नाही.

तेव्हा महिला व बालविकास आयुक्तालयाकडे माझी मागणी अगदी कोरडी आहे. एक परिपत्रक काढा. दहा वर्षांवरच्या प्रत्येक निरोगी मुलामुलीला पोहणं शिकवल्याची नोंद त्याच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात असावी. नियम पाळून पाण्यावर नेणाऱ्या अधीक्षकाला संरक्षण असावं, आणि न शिकवणाऱ्याकडून खुलासा मागवावा. मुलींना वगळू नये, हे वेगळं लिहावं लागेल, म्हणून लिहितो.

आणि वाचकहो, तुमच्या घरात या वर्षी कोणाचा वाढदिवस असेल तर बेकरीत जाऊ नका. जवळच्या बालगृहात जा, चार मुलांच्या तलावाच्या वर्षभराच्या फीची पावती फाडा आणि परवानगीच्या अर्जावर तुमची सही करा. नकार मिळाला तर तो लेखी मागा.